रंग पावसात ठरवा, उन्हाळ्यात लावा: कोकणातल्या घरासाठी सौम्य शेड कशा निवडाव्यात

गुहागरच्या आमच्या घरात मागची खोली आगराकडे उघडते. काही वर्षांपूर्वी तिला फिकट राखाडी रंग दिला होता. शेड निवडली ती एप्रिलमध्ये, चिपळूणच्या एका दुकानात, ट्यूबलाइटखाली, शेडकार्डावरच्या दोन बोटं रुंदीच्या चौकोनावरून. मे महिन्यात खोली सुरेख दिसली. श्रावणात परत गेले तेव्हा आई त्या भिंतीवर तळवा टेकवून उभी होती. "ओल आल्ये की काय बघत्ये," म्हणाली. भिंत ठणठणीत कोरडी होती. पण बाहेर आगर भरगच्च झालं होतं, आभाळ खाली आलं होतं, आणि नारळी-पोफळींतून गाळून येणाऱ्या उजेडाने त्या राखाडीवर अशी हिरवट कळा चढवली होती की भिंतीला बुरा आलाय असंच वाटावं. पुन्हा रंग काढेपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात ती खोली सगळ्यांना नकोशी व्हायची.

त्यानंतर माहेरची, सासरची आणि नात्यातली मिळून पाच-सहा घरं रंगवताना मी रंगाऱ्यांबरोबर उभी राहिले. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण शेडकार्डं आणि सजावटीचे सल्ले बहुतेक शहरातल्या फ्लॅटसाठी असतात. कोकणातलं घर वेगळं वागतं.

दुकानात ज्याला 'न्यूट्रल शेड' म्हणतात, म्हणजे मोतिया, साय, हस्तिदंती, बदामी, वाळूचा, करडा, राखाडी, तो रंग नसलेला रंग नव्हे. उलट दुसऱ्याचा रंग सगळ्यांत लवकर अंगावर घेणारी ही जात आहे. गडद निळी भिंत कुठेही निळीच राहते. सायीच्या रंगाची भिंत मात्र जमिनीचा, झाडांचा, आभाळाचा आणि दिव्याचा रंग घेऊन दिवसातून चार वेळा बदलते. कोकणात हे चौघेही जोरकस आहेत: तांबडी जमीन, हिरवंगार आगर, चार महिने राखी आभाळ, आणि खोल पडवीमुळे दिवसाही लावावा लागणारा दिवा. म्हणून शेडकार्ड उघडण्याआधी या चौघांची नोंद करायची.

पहिलं काम: जे बदलणार नाही ते लिहून काढा

एक वही घ्या आणि प्रत्येक खोलीसाठी एक पान ठेवा.

सुरुवात जमिनीपासून. आपल्या घरांवर उतरतं छप्पर असतं आणि पुढे पडवी. त्यामुळे सूर्याचा उजेड भिंतीवर थेट फारसा पडतच नाही. तो अंगणात किंवा जमिनीवर पडतो आणि तिथून उसळून भिंतीवर जातो. जमीन लाल कोब्याची किंवा तांबूस टाइल्सची असेल तर भिंतीचा खालचा अर्धा भाग गुलाबीकडे झुकतो. शहाबादी फरशी उजेड करडा करते. पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स तो थंड आणि निळसर करतात. सारवलेली जमीन उजेड बराचसा पिऊन टाकते, म्हणून तिथे भिंत थोडी जास्त उजळ लागते.

मग वर बघा. कौलं, वासे, रीपा उघड्या दिसतात का, की स्लॅब आहे? लाकूड कोणतं? फणसाचं लाकूड नवं असताना पिवळं असतं आणि वर्षांनुवर्षं तांबूस-तपकिरी होत जातं. निळसर राखाडी भिंतीशेजारी तेच लाकूड नारिंगी दिसायला लागतं. दार-चौकटी जुन्या आणि सुंदर असतील, तर भिंतीने त्यांच्या मागे राहायचं.

मग खिडकीबाहेर. आगर आहे, जांभ्याचा गडगा आहे, शेजाऱ्याची रंगवलेली भिंत आहे, की समुद्र? प्रत्येक जण आपला रंग आत पाठवतो.

दिशाही लिहा, पण पुस्तकी नियमावर जाऊ नका. 'उत्तरेची खोली थंड, दक्षिणेची उबदार' हा नियम आपल्यापेक्षा बराच उत्तरेला असलेल्या देशांत पक्का बसतो. गुहागर-रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहेत. इथे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. दक्षिणेकडून तिरपं, सोनेरी ऊन आपल्याला मिळतं ते थंडीत. आपल्याकडे खरा फरक पडतो तो पूर्व-पश्चिमेचा. पूर्वेच्या खोलीत सकाळचा उजेड मऊ असतो. पश्चिमेला समुद्र असेल तर दुपारी तीननंतर पाण्यावरून डोळे दिपवणारा पांढरा उजेड येतो आणि सूर्यास्ताला सगळी भिंत केशरी होते.

छुपी छटा आणि तिचा उतारा

लहानपणी गणपतीआधी चुना काढताना आजी चुन्यात थोडी नीळ घालायची. चुन्याचा पिवळेपणा निळीने मारला जातो आणि भिंत जास्त पांढरी दिसते. या लेखातलं सगळं रंगशास्त्र त्या चिमूटभर निळीत आहे: खोलीत जो रंग नको असताना येतोय, त्याच्या विरुद्ध बाजूचा रंग भिंतीत किंचित हवा.

दुकानातल्या टिंटिंग मशीनवर न्यूट्रल शेड कशी बनते ते एकदा उभं राहून पाहा. पांढरा बेस असतो, त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्यात बहुतेक वेळा तीनच गोष्टी थेंबाथेंबाने पडतात: पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा. ही लाल-पिवळी ऑक्साइडं म्हणजे लोहाची संयुगं. आपला जांभा तांबडा आहे तो याच कुळामुळे, आणि काव ही तांबडी माती म्हणजेही तेच. म्हणून पिवळा आणि लाल ऑक्साइड मिळून झालेल्या साय, बदामी, वाळूच्या शेड जांभ्याच्या घरात उपऱ्या वाटत नाहीत. नुसता काळा पांढऱ्यात मिसळला तर होणारा राखाडी निळसर असतो. आमच्या मागच्या खोलीत नेमकं हेच झालं होतं. निळसर राखाडीवर पानांचा हिरवा उजेड पडला, आणि त्याला थोपवणारं लाल-पिवळं काहीच भिंतीत नव्हतं.

छुपी छटा ओळखायला शेडकार्डाची संपूर्ण पट्टी घ्या आणि तिच्यातला सगळ्यांत गडद चौकोन पाहा. फिकट चौकोनात लपलेलं तिथे उघड होतं. वरचा रंग 'मोतिया' वाटतो आणि तळाचा गुलाबी-तपकिरी निघतो, तर मोतियात गुलाबी आहे. तळाचा शेवाळी निघाला तर हिरवं आहे. दुसरी पद्धत म्हणजे चार-पाच फिक्या शेड शेजारी-शेजारी ठेवणं. एकटी असताना प्रत्येक शेड पांढरी वाटते. चौघींत ठेवली की एक पेजेसारखी पिवळट, एक ओल्या खोबऱ्यासारखी शुभ्र, एक शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी, एक ताकासारखी निळसर हे लगेच कळतं. प्रिंटरचा पांढरा कागद तुलनेला घेऊ नका. त्यात उजळपणा आणणारी रसायनं असतात, म्हणून तो स्वतःच निळा असतो आणि त्याच्याशेजारी प्रत्येक शेड मळकट दिसते.

आता वहीतली नोंद आणि छटा जुळवा.

आगराकडची हिरवी खोली असेल तर किंचित लालसर-पिवळी ऊब असलेली साय किंवा बदामी घ्या. लाल हा हिरव्याचा उतारा. निळसर आणि शेवाळी राखाडी टाळा.

लाल कोब्याची खोली असेल तर गुलाबी छटेची शेड अजिबात नको. जमीन आधीच गुलाबी देते आहे. पेजेसारखा पिवळट पांढरा, किंवा हिरव्याकडे जेमतेम झुकलेला वाळूचा रंग बरोबर बसतो.

पांढऱ्या टाइल्सची, समुद्राकडची खोली असेल तर शुभ्र पांढरा डोळ्यांना त्रास देतो. ओल्या नव्हे, कोरड्या वाळूचा रंग पाहा.

आगरही आहे आणि लाल कोबाही, अशी खोली आपल्याकडे सर्रास असते. तिथे मी जमिनीचं ऐकते, आगराचं नाही. जमीन बाराही महिने तीच असते, आगराचा रंग ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो.

शेडबरोबर काही कंपन्या एलआरव्ही नावाचा आकडा देतात. रंग किती उजेड परत फेकतो त्याचं हे माप: काळा ० आणि पांढरा १००. ८० च्या वर पांढऱ्या जातीच्या शेड, ६० ते ७५ मध्ये साय-बदामी-वाळू, ५० च्या खाली गेलं की खोली गडद वाटू लागते. आकडा मिळाला तर वहीत लिहून ठेवा.

नमुने पावसात पाहा

मला सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचंय ते हेच. चाकरमानी मे महिन्यात येतात, लख्ख उन्हात रंग निवडतात, त्याच आठवड्यात लावून घेतात आणि परत जातात. ती शेड जूनपासून कशी दिसणार हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वर्षाचा एक तृतीयांश काळ घर त्या उजेडात असतं, आणि माणसं जास्तीत जास्त वेळ घरात असतात तीही तेव्हाच.

म्हणून गणपतीला गावी जाल तेव्हा नमुने घेऊन जा. खोलीमागे तीन शेड पुरेत, त्याहून जास्त घेतल्या की डोकं चालत नाही. सर्वांत लहान नमुन्याचा डबा घ्या आणि दोन फूट बाय दोन फूट जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या. कडेला दोन बोटं कोरी पांढरी जागा सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग नमुन्याला लागून डोळ्यांची फसगत करणार नाही. थेट भिंतीवर पट्टे मारण्यापेक्षा पुठ्ठा बरा, कारण तो हलवता येतो आणि पावसाळी ओल्या भिंतीवर रंग धड बसतही नाही.

पुठ्ठा आधी खिडकीशेजारच्या भिंतीवर ठेवा, मग खोलीच्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात. उभाच ठेवा. आडवा ठेवला तर वरचा उजेड पडून तो खऱ्यापेक्षा फिका दिसतो. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवा लावून असं चार वेळा पाहा. पाऊस कोसळत असताना एकदा आणि उघडीप पडल्यावर एकदा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, पण शेडचं नाव सांगू नका. "ही भिंत ओली वाटते का, मळकी वाटते का?" एवढंच विचारा. माझी आई या परीक्षेत कधी चुकत नाही.

पुठ्ठे पेटीत घालून ठेवा आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पुन्हा काढा. पावसात आणि उन्हात दोन्हीकडे सुसह्य वाटणारी शेड घ्यायची, एका ऋतूत देखणी दिसणारी नाही. मत दोलायमान झालं तर मी पावसाचा कौल मानते.

रंग ठरवायला आलेले असतानाच पेन्सिल घेऊन घरभर फिरा. ओल कुठून येते, झडीचं पाणी कुठल्या भिंतीला लागतं, कौलातून कुठे गळतं, पोपडे कुठे सुटलेत, लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारं मीठ, कुठे लागलाय, हे भिंतीवरच खूण करून ठेवा आणि फोटो काढा. मे महिन्यात कोरडी भिंत यातलं काहीच सांगत नाही.

भिंतीची जात आणि ओल

फिका रंग ओल लपवत नाही, उलट दाखवतो. बदामी भिंतीवरचा तपकिरी डाग दुरूनही दिसतो. म्हणून शेडवर जेवढा विचार करता त्याच्या दुप्पट भिंतीवर करा.

घर जुनं, जांभ्याचं, मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याचं असेल तर एक विनंती आहे: त्यावर सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन थापू नका. अशी भिंत पावसात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून बंद केली की ओल आत अडकते, क्षार पृष्ठभागाखाली जमतात आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे गिलाव्यासकट सुटतात. एका नातलगाच्या माजघरात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. खर्च वाया गेला तो गेलाच, पण शंभर वर्षं टिकलेला गिलावा गेला, हे जास्त लागलं.

अशा भिंतीला चुनाच द्या. विरवलेला चुना आणा. कळीचा चुना घरी विरवताना तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर इजा होते, म्हणून सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. विरवलेल्या चुन्यालाही हातमोजे आणि चष्मा हवाच. चुना पाण्यात पातळ करून फडक्याने गाळा, भिंत पाण्याने हलकी भिजवा आणि दाट एका हाताऐवजी पातळ तीन हात द्या. रंगासाठी पिवळी माती किंवा काव चमच्या-चमच्याने मिसळा. लोहाचे हे मातकट रंग चुन्यात टिकतात, इतर बरेच रंग चुन्याच्या तिखटपणाने उडतात. पिवळी माती आणि जरासा कावेचा स्पर्श यातून होणारी साय कुठल्याही मशीनवर मिळत नाही. ओला असताना हा रंग बराच गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. म्हणून छोट्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळवूनच ठरवा आणि प्रमाण लिहून ठेवा. लागेल तेवढा सगळा रंग एकाच पिंपात तयार करा. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमवणं फार कठीण.

सिमेंटच्या गिलाव्याचं घर असेल तर क्रम असा. दिवाळीनंतर गळती, कौलं, पन्हाळी आणि भेगा दुरुस्त करून घ्या. मग भिंत वाळू द्या. वाळली की नाही हे पाहायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटवा आणि २४ तासांनी काढा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव असेल तर भिंत अजून पाणी सोडते आहे, थांबा. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यायला हवेत. आपल्या हवेत मी त्याहून जास्तच थांबते, आणि शक्य असेल तर मधे एक पावसाळा जाऊ देते.

बुरा आलेल्या जागेवर नुसता रंग चढवला तर तो वर्षभरात वर येतो. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी करून ती जागा पुसा, थोडा वेळ ठेवून स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, तोंडाला मास्क बांधा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. लोणा असेल तर तो आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून परत भिंतीतच जातं.

जुन्या दार-खिडक्यांचा ऑइलपेंट खरवडताना पोरांना दूर ठेवा. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) अशी सक्तीची झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पॉलिश पेपर ओला करूनच घासा आणि धूळ ओल्या फडक्याने उचला.

खोल्यांकडे वळूया

माजघरावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते. खिडकी नाही, असली तर झरोक्याएवढी, आणि वरून काचेच्या कौलातून उजेडाची एक पट्टी. सगळे सांगतात, अंधारी खोली आहे, पांढरा द्या. मी तीन माजघरांत पांढरा पाहिला आणि तिन्ही मेणचट, राखी दिसली. पांढरा रंग उजेड परत फेकतो, निर्माण करत नाही. फेकायला उजेडच नसेल तर उरते ती सावली, आणि पांढऱ्यावरची सावली करडी असते. त्यापेक्षा अंगचीच ऊब असलेला रंग घ्या: पिकल्या गव्हाचा, बदामी, एलआरव्ही ६० ते ७० च्या दरम्यानचा. छताखालचा हातभर पट्टा आणि काचेच्या कौलाच्या आजूबाजूची भिंत मात्र उजळ ठेवा, म्हणजे ती एक पट्टी लांबवर पसरते. जमलं तर आणखी दोन काचेची कौलं बसवा. रंगापेक्षा त्यांनी जास्त फरक पडतो.

ओटी आणि पडवीवर माणसं बसतात, भिंतीला पाठ आणि डोकं टेकतात. तिथे वर्षभरात तेलकट पट्टा उमटतो, आणि अंगणातली तांबडी माती पावसाच्या थेंबांबरोबर दीड-दोन फूट वर उडते. जुन्या घरांत खालचा पट्टा कावेने रंगवलेला असायचा. ती शोभा होती आणि सोयही. आजही मी तेच सुचवते: जोतं आणि त्यावरचा दीड-दोन फुटांचा पट्टा कावेच्या किंवा सारवणाच्या रंगाचा, वर वाळूचा किंवा बदामी, आणि तोही धुता येणारा. बाहेर झड लागते त्या भिंतीला बाहेरचाच रंग, बुरशीरोधक.

स्वयंपाकघरात निळसर पांढरा टाळा. फोडणीची वाफ आणि चूल असेल तर धूर त्याला सहा महिन्यांत पिवळा करतो, आणि तो पिवळेपणा मळासारखा दिसतो. आधीच पेजेसारखी किंवा लोण्यासारखी शेड असेल तर तोच पिवळेपणा तिच्यात मुरून जातो.

देवघराची भिंत समईच्या काजळीला तोंड देते, म्हणून पुसता येणारी हवी. गणपती तिथेच बसत असतील तर शेड शक्य तितकी साधी ठेवा. मूर्तीचे रंग, झेंडू, वरची फळाफुलांची माटवी किंवा मंडपी, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते, या सगळ्याला मागे शांत भिंत लागते. सायीच्या रंगाने मला इथे कधी निराश केलं नाही.

झोपायच्या खोल्यांचं फार अवघड नाही. दिवसा तिथे कुणी नसतं, म्हणून नमुना रात्रीच्या दिव्यात पाहून ठरवा. न्हाणीघरात हवा खेळती करणं आधी, रंग नंतर.

सगळ्या खोल्यांना वेगवेगळी कुळं आणू नका. आपल्या घरात ओटीवर उभं राहिलं की माजघरातून थेट मागचं दार दिसतं. तीन-चार खोल्या एका नजरेत येतात. एकीत गुलाबी साय आणि दुसरीत हिरवट साय असेल तर दोन्ही चुकीच्या वाटतात. एकच कूळ धरा आणि उजळ-गडद करा. मशीनवर तीच शेड निम्म्या जोराने मागता येते, पण आधी नमुना घ्या, कारण निम्मी केल्यावर छटा कधी थोडी सरकते.

दिवा आणि चमक

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० पिवळा-उबदार, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे घरोघरी ६५०० च्या ट्यूब आहेत. त्यांच्याखाली बदामी रंग पिठूळ आणि निर्जीव दिसतो, आणि दोष रंगाला दिला जातो. रंग लावण्याआधी दिवे बदला, निदान माजघर आणि ओटीवर ३००० चे लावा, आणि त्यांच्याखाली नमुने पाहा. स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० बरा, तिथे निवडणं-टिपणं असतं.

फिनिशच्या बाबतीत जांभ्याच्या भिंती सरळसोट नसतात हे लक्षात घ्या. चमकदार रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो, मॅट झाकतो. म्हणून राहत्या खोल्यांना धुता येणारा मॅट, आणि स्वयंपाकघर, देवघर, पोरांचे हात लागतात तो बोळ, इथे हलकी चमक. चमकेमुळे तीच शेड किंचित वेगळी दिसते, तेव्हा नमुनाही त्याच फिनिशचा असू द्या.

माप, खरेदी आणि हात

खोलीचा घेर गुणिले उंची, वजा दारं-खिडक्या. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली धरा. घेर ४४ फूट, भिंती ४४० चौरस फूट. तीन बाय सातचं एक दार २१, चार बाय चारच्या दोन खिडक्या ३२. उरले ३८७. डब्यावर दोन हातांना लिटरमागे ६० चौरस फूट लिहिलं असेल तर साडेसहा लिटर लागेल, सात घ्या. भिंत खरबरीत असेल तर आणखी लागतो. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या, डब्यांवरचा बॅच नंबर सारखा आहे का पाहा, आणि लावण्याआधी सगळे डबे एका पिंपात एकत्र ढवळून घ्या. फिक्या शेडमध्ये एका थेंबाचा फरकही दोन भिंतींच्या कोपऱ्यात उघडा पडतो.

काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरका. फार तर मेच्या मध्यापर्यंत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आणि त्याआधीच हवा इतकी दमट होते की रंग वरून वाळतो, आतून चिकट राहतो. गणपतीसाठी घर रंगवायचं तर ते आधीच्या उन्हाळ्यात रंगवायचं. श्रावणात घाईने काढलेला रंग पुढच्या गणपतीला पोपडे धरून उभा असतो.

रंगाऱ्याला घाई करायला लावू नका. प्रायमर, पुट्टीचे दोन पातळ हात, घासणं, पुन्हा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि प्रत्येक टप्प्याला वाळायला वेळ. आमच्या गावच्या रंगाऱ्याने मला एकदा काम थांबवून सांगितलं, "ताई, पहिल्या हाताला रंग बघू नका, भिंत बघा." पहिला हात पडला की बहुतेक घरांत शेड चुकली म्हणून वाद सुरू होतो. ओला, एकेरी हात खरी शेड दाखवतच नाही. दुसरा हात पूर्ण वाळू द्या, सामान परत लावा, पडदे टांगा, मग बोला.

उरलेला रंग छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. अर्ध्या रिकाम्या डब्यात तो लवकर आटतो. बरणीवर खोली, शेडचा कोड, फिनिश, बॅच नंबर आणि महिना-वर्ष लिहा. तीच नोंद वीजमीटरच्या फळीमागे किंवा कपाटाच्या दाराच्या आत पेनने करून ठेवा, म्हणजे पुढे कुणीही गावी आलं तरी सापडेल. पहिल्या पावसाळ्यात, आषाढ संपता संपता, पेन्सिलीच्या जुन्या खुणांच्या जागा फोटोंशी ताडून पाहा. जिथे पुन्हा ओल दिसेल तिथे बरणी उघडू नका. आधी वर चढून कौलं पाहा.